दातांनी ऐकणारे घरमालक

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात याचा मला चांगला अनुभव होता. करमाळ्याहून सोलापूरला एका शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून आलो, तेव्हा आठ दिवसांत मी सहा घरमालकांच्या परीक्षेला बसलो आणि सहाही ठिकाणी नापास झालो. जात, गाव, खाणंपिणं, अजून लग्न का नाही, हे सगळं विचारून झालं की ते हळूच म्हणायचे, "बघू, कळवतो."

सातव्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसून त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मिशी कापा. मंग खोली."

माझी मिशी तेव्हा ओठावरून खाली उतरलेली, झुपकेदार होती. चोवीस वर्षांच्या आयुष्यात स्वतः कमावलेलं एवढंच होतं.

"मिशी कशाला?" मी विचारलं.

"काय?"

"मिशी का कापायची?"

"तेच म्हन्तोय की मी. कापा. काय बी दिसंना बघा."

माणूस सर्किट आहे अशी माझी खात्री पटली. पण खोली हवेशीर होती, नळ दारात होता, आणि आठवी परीक्षा द्यायची माझ्यात ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी मिशी कापून, उघड्या ओठांनी मी बिऱ्हाड मांडलं.

या घरमालकांना सगळे अप्पा म्हणत. ते मिलमध्ये विणकाम खात्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेले माग नीट करणारा माणूस. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असायचे. त्या आवाजात वीस-पंचवीस वर्षं काढली की कान राहतात ते फक्त चष्म्याच्या काड्या अडकवायला. मिलमधले लोक एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत. अप्पा माझे ओठ वाचत होते आणि मिशी म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाटीवर सांडलेली शाई होती. हे मला महिन्याभराने कळलं. त्यांनी ते कधी सांगितलं नाही. "मला ऐकू येत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. समोरच्याला नीट बोलता येत नाही, असंच त्यांचं ठाम मत असायचं.

मूळचे कानडी मुलखाच्या सीमेवरच्या दुधनीचे. घरात कानडी, गल्लीत तेलुगू, मिलमध्ये मराठी आणि भांडायचं असेल तर तिन्ही. माझ्याशी बोलताना दर दोन वाक्यांमागे त्यांच्या तोंडी एक शब्द यायचा: "केळ, मास्तर, केळ." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांना केळी फार आवडतात आणि मागायला संकोच वाटत नाही. एका संध्याकाळी मी अर्धा डझन केळी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी त्यातली दोन शांतपणे खाल्ली, चार आत पाठवली, आणि परत म्हणाले, "केळ, मास्तर."

"अजून?" मी विचारलं.

आतून त्यांच्या बायकोचा, अव्वांचा, हसण्याचा आवाज आला. "अवो मास्तर, केळ म्हंजे ऐक! कानडीत ऐक म्हन्त्यात ते!"

अप्पांना माझा काय घोळ झालाय ते कळल्यावर त्यांनी मला तिथेच पहिला कानडीचा धडा दिला. "ऐक म्हन्लं तरी केळ. विचार म्हन्लं तरी केळ. दोनीला येकच. आन् लहानाला केळ, मोठ्याला केळ्री. तुमी मला केळ म्हनायचं न्हाय, काय?" विचारणं आणि ऐकणं याला एकच शब्द असलेली भाषा ज्यांनी केली ते लोक शहाणे असले पाहिजेत, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. मात्र त्यानंतर कधी माझं लक्ष नसलं की अव्वा मुद्दाम म्हणायच्या, "मास्तर, केळी आणा."

पण अप्पांचं खरं वेड दातांचं होतं.

मिलचा माणूस आणि तंबाखू नाही, सुपारी नाही, विडी नाही. असा दुसरा जॉबर मी पाहिला नाही. पहाटे नळावर बसून बाभळीच्या काडीने एकेक दात ते इतक्या प्रेमाने घासायचे की मागे बादल्यांची रांग लागायची. कडक भाकरी तोंडात मोडली की त्याचा आवाज माझ्या खोलीत यायचा. आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक रिकामी लाकडी कांडी. मागावर आडवं सूत ज्या कांडीवर गुंडाळलेलं असतं ती. वीतभर लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. माग बिघडला की ते कांडीचं एक टोक दातांत धरायचे आणि दुसरं मागाच्या लाकडावर टेकवायचे. डोळे मिटायचे. थरथर दातांतून डोक्यात पोचली की बोट दाखवायचे, हा बोल्ट. तो ढिला निघायचाच. बाकीचे जॉबर अर्धा माग खोलून बसायचे, तोवर यांचे तीन नीट होऊन चालू झालेले असत, असं त्यांचे सोबती मला सांगायचे.

"कान फशिवत्यात मास्तर," ते म्हणायचे. "कान समद्यांचंच ऐकत्यात. दात येकाचंच."

घरीही तेच. दाराच्या चौकटीला कांडी लावून ओट्यावर कोण चढलं ते ओळखायचे. दुधाच्या पातेल्याला लावून उतू जायच्या आधी अव्वांना हाक मारायचे. एकदा एसटी स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीच्या बॉनेटला कांडी लावून त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "ही वळसंगच्या म्होरं जायची न्हाय." ड्रायव्हरने त्यांना खाली उतरवलं. गाडी खरंच वळसंगच्या पुढे गेली नाही. अप्पा दुसऱ्या गाडीने तिच्या शेजारून गेले आणि खिडकीतून त्यांनी ड्रायव्हरला नुसती कांडी दाखवली.

आता माझं दुखणं सांगतो.

माझ्याजवळ एक गिटार होती. रेल्वेतले एक अँग्लो-इंडियन गार्ड कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा त्यांच्या मुलीला चित्रकला शिकवल्याबद्दल मला देऊन गेले होते. साधी गिटार नव्हे, बेस गिटार. चारच तारा, त्याही जाड, तातीच्या म्हणजे आतड्याच्या, दोन जाड्यांवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. पोट एवढं थोरलं की मांडीवर घेतली की समोरचा माणूस दिसायचा नाही. बिजलीबिजली काही नाही, पोकळ लाकडातून निघेल तो आवाज. तिचं काम खालचा सूर धरून ठेवायचं. घराच्या जोत्याकडे कोणी बघत नाही, पण जोतं नसेल तर भिंती नाचायला लागतात, तसं हिचं. मी ती हट्टाने शिकलो आणि सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो. तिथे तिचं नाव पडलं रांजण.

खोलीत वाजवली की रांजण कसा घुमायचा! पण स्टेजवर ढोलक, बोंगो, ॲकॉर्डियन आणि शेजारी बिजलीवरची गिटार. त्यात मी बोटं सोलून घेतली तरी माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. पुढे माइक ठेवला तर त्यात ढोलकच जास्त यायचा. ऑर्केस्ट्राचे मॅनेजर स्वतः ॲकॉर्डियन वाजवायचे, स्वभावाने तिखट. एकदा प्रोग्रामनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुम्हारा रांजण दिखता बहोत है, सुनाईच नै देता. गड्ड्याकी जत्रा में अपना प्रोग्राम है. वहाँ तक सुनाई दिया तो ठीक. नै तो पुणे का एक लडका है, उसके पास बिजलीवाला है."

गड्डा म्हणजे सोलापूरची सर्वांत मोठी जत्रा. ती जानेवारीत, हातात तीन महिने. पोटापाण्याची नोकरी होती, ऑर्केस्ट्रा गेला म्हणून उपाशी मरणार नव्हतो. पण आठवडाभर मुलांच्या कागदांवर तेच ते डोंगर आणि तोच तो सूर्य बघणाऱ्या माणसाला शनिवारचं ते स्टेज काय असतं, हे दुसऱ्याला सांगून कळणार नाही. मी हवालदिल झालो.

नव्या पेठेतला रेडिओवाला म्हणाला, "त्याला पिकअप बसवा मास्तर." लोहचुंबकाभोवती बारीक तारेची गुंडाळी करून त्याने एक डबी तयार केली आणि तारांखाली बसवली. वायर ॲम्प्लिफायरला जोडली. मी जाड तार छेडली. काही नाही. जोरात छेडली. काही नाही. रेडिओवाल्याने ॲम्प्लिफायरच्या पोटात डोकं घातलं, ते तासाभराने काढलं आणि म्हणाला, "तुमच्या लाकडात काहीतरी खोट आहे."

मी उतरल्या चेहऱ्याने घरी आलो. अप्पा ओट्यावर होते. मी उघड्या ओठांनी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली, म्हणजे पाहिली. म्हणाले, "येवढंच व्हय? उद्या आनतो की मिलमदनं."

मिलमधून पिकअप कसा येणार? पण अप्पांना विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी ते आले आणि कागदात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी माझ्या हातावर ठेवली. म्हशीच्या कातड्याचा मुठीएवढा, दगडासारखा टणक तुकडा.

"हे काय?"

"पिकर की!"

मागावर आडवं सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. त्याला टोला देणारा कातड्याचा तुकडा म्हणजे पिकर. उघड्या ओठांवर 'पिकअप' आणि 'पिकर' यांत मिलच्या माणसाला फरक दिसला नव्हता, आणि पिकर लावल्याशिवाय काही वाजत नाही हे तर त्यांना ठाऊकच होतं. मी हसलो. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि पाटीवर चित्र काढून सगळं समजावलं. त्यांनी चित्र पाहिलं, आत गेले, मागात पडलेल्या सुया शोधायचं लोहचुंबक घेऊन आले, आणि ते माझ्या तारांना एकेक करून लावलं. एकही तार चिकटली नाही.

"तात हाय ही. वर तांबं," ते म्हणाले. "चुंबक लोखंडाचंच ऐकतं. तातीला काय कळतंय त्याचं? इचारायचं की आदी. ज्याचं ऐकायचंय त्यालाच इचारायचं. तार बोलंना व्हय, तर लाकडाला इचारा."

रेडिओवाला रेडिओत पारंगत होता, माझे अप्पा मागांत. पण त्या दिवशी शहाणा कोण ठरला हे मी त्या रेडिओवाल्याला जाऊन ऐकवलं, थोडं जास्तच ऐकवलं. तो भला माणूस होता. त्याने जुन्या रेकॉर्डप्लेअरचा पिकअप काढून दिला, सुई ज्यात बसते ती नखाएवढी डबी. तिच्यात एक स्फटिक असतो, तो हलवला की वीज निघते. लाकूड हललं तरी निघणार. मी ती लाखेने गिटारीच्या पोटावर चिकटवली. आवाज आला! आनंदाने गिटार खोलीत ठेवून शाळेत गेलो. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रे. संध्याकाळी बघतो तर डबी मुकी. रेडिओवाला म्हणाला, त्या स्फटिकात एक प्रकारचं मीठच असतं, उष्णतेने ते मरतं. मग सोलापुरात ते जगणार कसं? त्याने दुसऱ्या जातीची डबी शोधून दिली, चिनी मातीसारख्या कशाची तरी. ती उन्हाला दाद देत नव्हती. पण एकच होती, आणि चुकीच्या जागी चिकटवून उचकटताना फुटली असती तर दुसरी मिळणार नव्हती.

"जागा मी सांगतो," अप्पा म्हणाले.

पुढचे तीन रविवार आमच्या ओट्यावर जे चाललं ते बघायला गल्ली जमायची. मी मांडीवर रांजण घेऊन सर्वांत जाड तार छेडायचो. अप्पा कांडी दातांत धरून तिचं टोक गिटारीच्या पोटावर टेकवायचे, डोळे मिटायचे, मग बोटभर सरकायचे. माझ्या खिशातला शाळेचा खडू घेऊन नको त्या जागेला फुली मारायचे. पोटाच्या मधोमध आवाज सर्वांत मोठा होता. मी म्हटलं, इथेच लावू. त्यांनी मान हलवली. "हितं लई घुमतंय. घुमनारा मानूस येकाचं चार सांगतो." तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात ती घोडी, तिच्या अगदी वर लावलं तर आवाज स्वच्छ, पण टोचरा, नुसता टकटक. तिथेही फुली. दोन रविवारांत काळ्या पॉलिशवर इतक्या फुल्या झाल्या की माझी गिटार स्मशानातून आल्यासारखी दिसायला लागली.

तिसऱ्या रविवारी, घोडीच्या खाली, जाड तारेच्या बाजूला, अंगठाभर अंतरावर त्यांनी कांडी टेकवली. थांबले. डोळे न उघडताच खडूने गोल काढला.

"हितं. हितं लाकूड खरं बोलतंय."

मी गिटार खाली ठेवायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. कांडी दातांतच होती, त्यामुळे शब्द चेपून आले. "अजून वाजवा."

"सापडली ना जागा?"

डोळे मिटलेले असल्याने माझे ओठ त्यांना दिसत नव्हते. मी वाजवायला लागलो. एक चाल संपली, दुसरी धरली, तिसरी धरली. गल्लीतली माणसं कंटाळून गेली. दाराशी अव्वा पीठ लागलेल्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"दुधनीत भजनात म्होरं बसून म्हनायचे बघा हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू बोलायची गरज नव्हती. "लगीन झालं तवा गळा लई गोड हुता. मिलमदी लागले आन् समदं बंद झालं. बाकी काय बी मागितलं न्हाय मास्तर त्यांनी, पर गानं..." मी चौथी चाल धरली. मी आजवर एवढ्या माणसांपुढे वाजवलंय, पण माझं वाजवणं कोणाला इतकं हवं होतं, असं परत कधी झालं नाही.

डबी बसवताना तिच्याखाली काहीतरी मऊ हवं होतं, नाहीतर बोटांचा टकटकाट फार येत होता. रबर लावून पाहिलं, आवाज गिळला. बूच लावलं, किरकिरायला लागलं. अप्पांनी तो पिकर घेतला आणि धार लावलेल्या सुरीने कातड्याची पापुद्र्याएवढी चकती कापली. डबी बरोबर बसली. "म्हन्लं न्हवतं, पिकर लागतोय?" ते म्हणाले, आणि मी ते मान्य केलं.

नंतर एक बला उभी राहिली. ऑर्केस्ट्राचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी आणून आवाज वाढवला, की रांजण आपोआप हंबरायला लागायचा. स्पीकरचा आवाज पोकळ पोटात शिरे, पोट हले, ते डबी ऐके आणि परत स्पीकरला सांगे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा समोरच्या घरातलं पोर पाळण्यात दचकून उठलं. अव्वांनी घरातली चादर, अस्सल सोलापुरी, आणून दिली. मी ती गिटारीच्या पोटात कोंबली. हंबरणं गेलं, पण आवाजही गेला. रांजण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. अप्पांनी चादर ओढून काढली. "मुस्कं बांदू नका त्याचं. थोडं दाबा." मिलमधल्या टाकाऊ सुताचं एक भेंडोळं त्यांनी आत सोडलं, थोडं काढलं, परत सोडलं. दर वेळी कांडी लावून विचारायचे. मला ताकीद दिली, "पेटीच्या तोंडाम्होरं हुबं ऱ्हायचं न्हाय. बाजूला. आन् म्या हात असा केला," त्यांनी तळहात उलटा करून छातीशी आणला, "की तारांवर पंजा ठेवायचा. मागावर बी हीच खून. सूत तुटायच्या आदीच माग थांबवायचा. तुटल्यावर काय, कुनी बी थांबवतंय."

गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी आमचा प्रोग्राम होता. पाळणे, बत्ताशांचे ढीग, धूळ आणि माणूस. मॅनेजर माझ्याशी बोलत नव्हते. पुण्याचा मुलगा त्याची बिजलीची गिटार घेऊन स्टेजखाली हजर होता. मी पडलो की तो चढणार.

पहिलं गाणं सुरू झालं आणि रांजण बोलला! मोठा नव्हे, पण सगळ्यांच्या खालून, स्वच्छ. ढोलकवाल्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस शेजारी बसून त्याने मला पहिल्यांदा ऐकलं होतं.

तेवढ्यात मला अप्पा दिसले. स्पीकरची पेटी स्टेजच्या कडेला होती. अप्पा धुतलेला सदरा आणि टोपी घालून पेटीशी उकिडवे बसले होते, कांडी दातांत, दुसरं टोक पेटीच्या लाकडावर. आजूबाजूची पोरं त्यांची नक्कल करत होती. पुढे बसलेले एक शेठजी हसून हसून लाल झाले होते. अप्पांचे डोळे मिटलेले होते.

चौथ्या गाण्याला लोक रंगले आणि साउंडवाल्याने उत्साहाने आवाज वाढवला. मला काही जाणवलं नाही. कोणालाच नाही. पण अप्पांनी डोळे उघडले आणि तळहात उलटा करून छातीशी आणला.

मी क्षणभरही विचार केला नाही. पंजा चारी तारांवर ठेवला आणि पेटीकडे पाठ केली. पंजाखाली रांजणाचं पोट थरथरायला लागलेलं मला तेव्हा कळलं. ते हंबरण्याच्या बेतात होतं. स्पीकरमधून नुसता एक हुंकार आला आणि विरला. दोन मात्रा मी गप्प राहिलो. अप्पांनी हात खाली घेतला आणि मी पुन्हा सूर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मुद्दाम केलंय असं त्यांना वाटलं.

मॅनेजर नंतर मला मिठी मारून म्हणाले, "मास्तर, वो बीच में रुके ना, क्या बात थी! हर प्रोग्राम में रुकना." पुण्याच्या मुलाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. मी अप्पांना शोधत गेलो. ते बत्तासे घेत होते.

"कसं झालं?" मी विचारलं.

"तिसऱ्या गान्यात तुमी घाई केली," ते म्हणाले.

पुढे माझी बदली झाली. करमाळ्यात चार वर्षं काढली, मिशी पुन्हा वाढवली, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत रांजण घेऊन सोलापूरला आलो. अप्पा त्याच ओट्यावर बसले होते. तोंड आत गेलेलं. हिरड्या सुजल्या, एकेक दात हलायला लागला, शेवटी सगळेच काढले, असं अव्वांनी सांगितलं. तंबाखू न खाता, बाभळीने घासून घासून. कवळी बसवली होती. तिच्यात कांडी धरून पाहिली, तर ती नुसती खडखडायची, सांगायची काही नाही. कांडी आता अव्वांकडे होती, तिच्यावर त्यांनी वाकळ शिवायचा दोरा गुंडाळला होता. भाकरी त्या आमटीत कुस्करून देत होत्या.

मी समोर जाऊन बसलो आणि बोलायला लागलो. अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन बोटांची कात्री करून मिशीवर चालवली. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू.

"बोलत न्हाईत हल्ली," अव्वा म्हणाल्या. "केळ बी म्हनत न्हाईत."

मी रांजण खोळीतून काढला. डबी जागेवर होती, खाली पिकरची चकती. ॲम्प्लिफायर आणला नव्हता, लागणारही नव्हता. गिटारीचं लाकडी डोकं मी अलगद अप्पांच्या हनुवटीला टेकवलं आणि जाड तार छेडली. भुवया उंचावून विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. खिशात खडू होताच, मास्तराच्या खिशात दुसरं काय असणार. मी त्यांच्या हनुवटीवर फुली मारली. अव्वा "अगं बाई" म्हणून हसल्या. गळ्याखालच्या हाडाला टेकवलं. नाही. फुली. कपाळाला. अप्पा थोडे थांबले, मग नाही. फुली. तेवढ्या वेळात गल्लीतली चार माणसं जमली होती. मास्तर म्हाताऱ्याच्या तोंडावर काय काढतोय म्हणून बघत होती. जॉबरने हसण्याला भीक घातली नव्हती, मग मी का घालू?

कानाच्या मागे जे टणक हाड असतं, तिथे मी लाकूड टेकवलं आणि तार छेडली.

अप्पांचा हात वर आला. त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला, चाचपडत कानामागे नेला, आणि स्वतःच एक वेडावाकडा गोल काढला.

"हितं," ते म्हणाले.

"केळ्री, अप्पा," मी म्हणालो, आणि जत्रेतलं ते तिसरं गाणं धरलं, या वेळी घाई न करता. ते संपलं तेव्हा अव्वांनी आत चहा टाकला होता आणि गल्ली पांगली होती. माझी बोटं दुखत होती.

"अप्पा, बास का आता?" मी विचारलं.

त्यांचे डोळे मिटलेले होते. मी वाजवत राहिलो.